वतनाचा सातबारा आणि रुपयाचा प्रश्न



मागच्या चौदा एप्रिलला मिरवणूक संपल्यावर आम्ही सातआठ पोरं वाकडच्या आमच्या विहाराच्या पायरीवर बसलो होतो. पाय भरून आलेले, कानात अजून डीजे वाजतोय. समोर फ्लेक्स. वर बाबासाहेब, निळा कोट, हातात संविधान. खाली आमचे सगळ्यांचे फोटो, कुणी गॉगल लावून, कुणी हात जोडून. तेवढ्यात पाचवी-सहावीतलं एक पोरगं आलं आणि म्हणालं, "दादा, बाबासाहेब डॉक्टर होते ना? मग ते कशाचे डॉक्टर?"

एक जण म्हणाला, कायद्याचे. दुसरा म्हणाला, घटनेचे. तिसऱ्यानं मोबाईल काढला. मी गप्प बसलो. मला उत्तर माहीत होतं, पण त्या पोराला ते कसं सांगावं हे सुधरत नव्हतं. त्याला जे सांगता आलं नाही ते इथं लिहितोय.

बाबासाहेब पैशाचे डॉक्टर होते. अर्थशास्त्राचे. एक डॉक्टरेट न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाची, दुसरी लंडनची. दोन्ही प्रबंध पैशावर. सरकार पैसा कुणाकडून घेतं आणि कुणावर खर्च करतं, हा पहिल्याचा विषय. रुपयाची किंमत घसरली की कुणाच्या ताटातलं जातं आणि कुणाच्या गल्ल्यात पडतं, हा दुसऱ्याचा. आपण त्यांच्या हातात एकच पुस्तक देऊन त्यांना चौकात उभं केलंय. बाकीची पुस्तकं आपण उघडलीच नाहीत. ती उघडली नाहीत म्हणून आपलं काय काय गेलं, त्याचा हिशेब मांडायचाय.

आधी माझी ओळख. मी चाकणच्या अंगाला एका रोलिंग मिलमध्ये कामाला आहे. भट्टीतून लालभडक लोखंड येतं, ते चिमट्यानं धरून रोलमध्ये सारायचं. दहावीनंतर शाळा सुटली. ठेकेदाराच्या हजेरीवर नाव आहे, कंपनीच्या हजेरीवर नाही. बारा तासांची पाळी, वरच्या चार तासांचे पैसे साध्याच दरानं. विहाराच्या कपाटात महाराष्ट्र शासनानं काढलेले बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड होते. त्यातला सहावा खंड, १९८९ साली छापलेला, मी उचलला. इंग्रजी. डिक्शनरी घेऊन बसलो. सुरुवातीला एका पानाला एक आठवडा लागला. त्यामुळं मी पंडित म्हणून लिहीत नाही. ज्याला आपल्या पगाराची स्लिप कळत नव्हती, त्यानं ती समजून घ्यायला बाबासाहेब वाचले, एवढंच.

*

माझ्या आजीच्या माहेरी वतनाची जमीन होती. इथंच, नदीच्या अंगाला. महाराची हाडकी-हाडवळा. वतन म्हटलं की आपल्या काही म्हाताऱ्यांची छाती अजून फुगते. आम्ही वतनदार! पण वतन काय होतं ते आजी सांगायची. "सरकारी माणूस गावात आला की म्होरं पळायचं. सारा तालुक्याला पोचवायचा. मयताचा सांगावा घिऊन रातचं चालत जायाचं. मेलेलं ढोर वढायचं. आन् बाप आजारी आसंल तर पोरानं जायचं, पोरगं नसंल तर बाईनं. न्हाय म्हणायचं न्हाय." त्याच्या बदल्यात तो तुकडा आणि गावानं दारात टाकलेलं बलुतं. दिलं तर दिलं.

हे डोक्यात ठेवा. पुढं परत यायचंय इथं.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूचा. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार. शाळेतला गोणपाट, पाण्याचा नळ, गोरेगावच्या वाटेवरची बैलगाडी, हे सगळं आपल्याला पाठ आहे. पण हा मुलगा वाढला कुठं? परळच्या गिरण्यांच्या भोंग्यात. चाळीतल्या लहान खोलीत, गिरणी कामगारांच्या शेजारात. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती मिळाली, दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं. न्यूयॉर्क गाठलं. तिथं ज्या माणसानं एमएला प्राचीन भारतातला व्यापार हा विषय घेतला, त्यानं पुढं ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिचा पैसा तपासला. मग पीएचडीसाठी ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांचा जमाखर्च घेतला. ते पुस्तक १९२५ साली लंडनला छापलं गेलं. त्यांचे गुरू सेलिग्मन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली.

या पुस्तकात वरवर बघता नुसते आकडे आहेत. मध्यवर्ती सरकार प्रांतांना आधी ठरावीक रक्कम द्यायचं, मग काही उत्पन्नाच्या बाबी तोडून दिल्या, मग उत्पन्नात वाटा दिला, असे टप्पे. पण आकड्यांच्या खाली प्रश्न आहे. जमिनीचा सारा कोण भरतो? राबणारा. मिठावरचा कर कुणाला जास्त लागतो? ज्याच्या भाकरीबरोबर मिठाशिवाय दुसरं काही नाही त्याला. आणि खर्च कशावर? लष्करावर, साहेबांच्या पगारांवर. शाळा-दवाखान्याला उरलंसुरलं. परदेशी सरकार रयतेला जबाबदार नाही म्हणून त्याचा खजिनाही जबाबदार नाही, हे त्यांनी तिथं हिशेबानं दाखवलं. आज आपल्या महापालिकेचं अंदाजपत्रक निघतं तेव्हा आपल्यापैकी कितीजण ते बघतात? उड्डाणपुलाला किती, वस्तीच्या गटारीला किती? बाबासाहेबांचा विद्यार्थी असेल तर त्यानं आधी हे पान उघडावं.

*

१९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परत यावं लागलं. बडोद्यात नोकरी, पण राहायला घर नाही. पारशाच्या खानावळीतून हाकलून दिलं. दोन मोठ्या विद्यापीठांत शिकलेला माणूस झाडाखाली बसून रडला. पुढं १९१८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तिथं पोरं त्यांचं शिकवणं ऐकायला गर्दी करायची, आणि प्राध्यापक मंडळी मात्र त्यांनी सगळ्यांच्या माठातलं पाणी प्यायला हरकत घ्यायची. या देशात अर्थशास्त्र आणि पाण्याचा माठ वेगळे काढता येत नाहीत, हे त्यांना पुस्तकातून शिकायची गरज नव्हती.

त्याच १९१८ साली त्यांनी एक लेख लिहिला. हिंदुस्थानातल्या लहान शेतांबद्दल. हा लेख आपल्या कार्यकर्त्यांनी वाचलाच पाहिजे. तेव्हाचे विद्वान म्हणत होते, शेतीचे तुकडे झालेत म्हणून शेतकरी गरीब आहे, तुकडे जोडा, मोठी शेतं करा. बाबासाहेबांनी उलटं विचारलं. शेत लहान की मोठं हे एकरावरून कसं ठरवता? त्या शेताला लावायला बैल किती, अवजारं किती, पैसा किती, हात किती, त्यावर ठरेल. भांडवल नसेल तर मोठं शेतही पडीक राहतं. आणि तुकडे जोडून मोठी शेतं केलीत, तर जे हात मोकळे पडतील ते जाणार कुठं? भूमिहीन मजूर वाढतील, दुसरं काय? खरा रोग शेताचा आकार नाही. जमिनीवर नको इतकी माणसं लटकलीत आणि त्यांना दुसरं काम नाही, हा रोग आहे. औषध कारखानदारी. माणसं जमिनीवरून उठतील, कारखान्यात कामाला लागतील, मग शेतीलाही श्वास घेता येईल.

सत्तावीस वर्षांचा होता हा माणूस. माझ्याच वयाचा.

आता कुणी म्हणेल, मग झालंच की. पिंपरीत, भोसरीत, चाकणला कारखाने आले, हिंजवडीला आयटी आली, जमिनीवरची माणसं उठली. होय, उठली. पण उठून बसली कुठं? बाबासाहेब तिथं थांबले नव्हते. कारखान्यात मजूर कुठल्या अटीवर शिरतो, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता.

*

त्याआधी रुपया.

१९२० साली शाहू महाराजांची मदत, नवल भथेना या मित्राकडून उसने पैसे आणि सिडनहॅमच्या पगारातली बचत घेऊन ते परत लंडनला गेले. १९२१ ला एमएस्सी, १९२२ ला बॅरिस्टर, १९२३ ला डीएस्सी. प्रबंधाचा विषय रुपयाचा प्रश्न, त्याचा उगम आणि त्यावरचा उपाय. परीक्षकांना तो इतका झोंबला की पुन्हा सौम्य करून लिहा म्हणून सांगितलं. निष्कर्ष त्यांनी बदलले नाहीत.

मी हा प्रबंध माझ्या भाषेत सांगतो. चुकलो तर दुरुस्त करा.

रुपया तेव्हा चांदीचा. इंग्लंडचा पौंड सोन्याचा. १८७३ च्या पुढं जगात चांदी स्वस्त होत गेली, म्हणजे पौंडापुढं रुपया पडत गेला. १८९३ साली सरकारनं लोकांसाठी टांकसाळी बंद केल्या, पुढं एक रुपयाला एक शिलिंग चार पेन्स असा भाव बांधला. देशात सोन्याचं नाणं फिरवायचं नाही, रुपयाच फिरवायचा आणि बाहेरच्या व्यवहाराला सोन्याचा आधार दाखवायचा, अशी व्यवस्था आली. केन्ससारख्या नामांकित अर्थपंडितानं १९१३ साली पुस्तक लिहून ही व्यवस्था उचलून धरली. बाबासाहेब म्हणाले, हे चूक आहे. रुपये किती पाडायचे हे सरकारच्या मर्जीवर राहिलं, तर सरकार पाडत सुटणार. रुपये जास्त झाले की त्यांची खरेदीची ताकद घटणार. म्हणून पैसा काढणाऱ्याच्या हाताला कायद्याची दोरी बांधा. आणि रुपयाचा बाहेरचा भाव किती याच्यापेक्षा बाजारात रुपयाला काय मिळतं ते सांभाळा.

मला यातली एक गोष्ट सगळ्यात जास्त भिडली. रुपया पडला की निर्यात करणारा खूश होतो. व्यापारी संघटना म्हणतात, देशाचा फायदा झाला. बाबासाहेब विचारतात, देशाचा म्हणजे कुणाचा? परदेशात माल विकून शेठला त्याच पौंडाचे जास्त रुपये मिळाले. पण मजुराला तो पूर्वीइतकेच रुपये देतो. बाजारात तर भाव चढलेले. भाव आधी चढतात, मजुरी मागून रखडत येते, आली तर. मधल्या काळात मजुराच्या ताटातून जे कमी झालं, तोच शेठचा नफा. नफा आकाशातून पडला नाही, एका वर्गाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात गेला.

हे वाचलं त्या रात्री मी माझ्या तीन वर्षांच्या पगाराच्या स्लिपा काढल्या. दुकानदाराच्या वहीतला डाळीचा, तेलाचा, गॅसचा भाव लिहिला. पगार वाढला होता. पण त्या पगारात तीन वर्षांपूर्वी जेवढी डाळ येत होती तेवढी येत नव्हती. म्हणजे माझा पगार कागदावर वाढून घरात घटला होता. हे मला कुठल्या युनियनच्या पुढाऱ्यानं सांगितलं नाही. १९२३ साली छापलेल्या पुस्तकानं सांगितलं.

एक गोष्ट मात्र नीट सांगू. आपल्या पोरांच्या स्टेटसवर असतं, रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी काढली. असं सरळ म्हणू नका. १९२५ च्या डिसेंबरात हिल्टन यंग आयोगापुढं त्यांनी साक्ष दिली, चलनाबद्दल आपलं म्हणणं ठासून मांडलं. त्या आयोगानं मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ ला रिझर्व्ह बँक सुरू झाली. एवढं खरं आहे आणि एवढं पुरेसं मोठं आहे. वाढवून सांगितलं की विरोधकाला आपल्या खऱ्या गोष्टीही खोट्या म्हणायला जागा मिळते. बाबासाहेबांनी एकेक आकडा तपासला. त्यांच्या नावानं बिनतपासलेलं बोलू नये.

*

आता वतनाकडं.

परत आल्यावर हा अर्थशास्त्री कुठल्या बँकेत बसला नाही. १९२७ ला महाडचं तळं झालं, बहिष्कृत भारत निघालं. त्या पत्रात त्यांनी महार वतनाचा हिशेब मांडला. १९ मार्च १९२८ ला मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी विधेयक आणलं. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारं. मागणं साधं होतं. वतनदाराला पोटापुरता पगार रोखीत द्या. बलुत्याची भीक बंद करून त्याचा पैशात कर करा. कामं कोणती ती कायद्यात लिहा, उठसूट कुणीही हाक मारायची नाही. आणि ज्याला ही चाकरी नको त्याला ती सोडू द्या. त्यानं जमिनीचा पूर्ण सारा भरावा आणि जमीन स्वतःकडं ठेवावी. जमीन राहील, गुलामी जाईल.

विधेयक निवड समितीत गेलं. तिथं त्याचे लचके तोडले आणि शेवटी ते मागं घ्यावं लागलं. १९३९ साली सरकारनं वतनी जमिनीवरची जुडी वाढवली तेव्हा डिसेंबरात हरेगावला हजारो वतनदार महार-मांग जमले. बाबासाहेब तिथं सरकारला इशारा देऊन आले. वतन गेलं ते त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर. १९५८ चा कायदा, १ ऑगस्ट १९५९ पासून अंमल. चाकरी संपली, जमिनी कब्जेहक्काची रक्कम भरून वतनदारांना परत मिळाल्या. पण नव्या शर्तीवर. कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येणार नाहीत, आणि परवानगी मिळाली तर नजराणा सरकारला.

आजीच्या माहेरचा तुकडा असाच परत मिळाला. सातबाऱ्यावर चाळीस नावं. विहीर नाही, बैल नाही, मोटार नाही. बँक कर्ज देईना, नवी शर्त म्हणून. सावकार देई, पण सावकार म्हणूनच. १९१८ च्या लेखात लिहिलेलं अगदी तसंच. जमीन आहे, तिला लावायला भांडवल नाही. मग हायवे आला, हिंजवडी आली, आणि एके दिवशी गाडीतून माणसं आली. त्यांची नावं मी लिहीत नाही. विसारपावती, कुलमुखत्यारपत्र, कोऱ्या कागदावर चाळीसातल्या तीस जणांच्या सह्या आणि अंगठे. दहा जण मुंबईला होते, त्यांना कुणी विचारलंच नाही. प्रत्येकाच्या वाट्याला जे आलं त्यात कुणी स्लॅब टाकला, कुणी गाडी घेतली, कुणी पोरीचं लग्न केलं. दोन वर्षांत पैसा संपला. आज तिथं बावीस मजल्यांची इमारत आहे. माझी आई तिथं चौदाव्या मजल्यावर धुणीभांडी करते. गेटवर फोटोचा पास दाखवून आत जाते. आजी जिवंत होती तोवर त्या रस्त्यानं जाताना मान दुसरीकडं वळवायची.

मी आजीच्या भावांना दोष देत नाही. त्यांना अर्थशास्त्र कुणी शिकवलं होतं? आम्ही त्यांना जयंतीची वर्गणी मागायला गेलो, पण तुमचा सातबारा दाखवा म्हणून कधी गेलो का? हा आमच्या चळवळीचा गुन्हा आहे, आणि तो आम्ही कबूल केला पाहिजे.

*

आता कारखाना.

१९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत सहा महिन्यांचा संप झाला. बाबासाहेबांनी तेव्हा लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना एकच गोष्ट विचारली. कापड खात्यात, जिथं पगार जास्त, तिथं अस्पृश्याला घेत का नाही? कारण काय, तर धोट्याचा धागा तोंडानं ओढावा लागतो, आणि महाराच्या थुंकीनं सवर्ण विणकर बाटतो. कामगारांनो एक व्हा म्हणायचं आणि धाग्यावर जात पाळायची! जात ही कामाची वाटणी नाही, काम करणाऱ्यांची वाटणी आहे, हे त्यांचं म्हणणं असंच गिरणीच्या जमिनीवरून आलेलं आहे.

पण म्हणून त्यांनी वर्ग सोडून दिला असं नाही. १९३६ च्या ऑगस्टमध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. पक्षाच्या नावात जात नाही, मजूर आहे. १९३७ च्या निवडणुकीत त्याचे बहुतेक उमेदवार निवडून आले. त्याच सप्टेंबरात खोती रद्द करायचं विधेयक मांडलं. खोताच्या तावडीतल्या कुळांत महार होते तसे कुणबी होते, आगरी होते. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला. पुढच्या महिन्यात मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी सांगितलं की आपले शत्रू दोन आहेत, ब्राह्मण्य आणि भांडवलशाही. आपल्याकडं काहीजण यातला पहिलाच लक्षात ठेवतात, काहीजण दुसराच. दोघंही अर्धेच आंबेडकर वाचतात.

त्याच साली काँग्रेसच्या सरकारनं औद्योगिक कलहाचं विधेयक आणलं. संपावर बंधन, मोडलं तर तुरुंग. बाबासाहेब सभागृहात उभे राहिले. त्यांचा मुद्दा असा: माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध काम करायला लावणं म्हणजे गुलामी. मग काम नाकारणं गुन्हा ठरवलंत तर तुम्ही काय केलंत? संप हा स्वातंत्र्याचाच एक अवतार आहे. ७ नोव्हेंबर १९३८ ला मुंबईत एक दिवसाचा संप झाला. ज्या कम्युनिस्टांशी ते भांडले होते त्यांच्याच खांद्याला खांदा लावून.

१९४२ च्या जुलैत ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. चार वर्षं. इथंही आपले लोक मोबाईलवर फिरवतात, बाबासाहेबांनी चौदा तासांचे आठ तास केले. खरं काय ते ऐका. १९३४ च्या कायद्यानं आठवड्याला ५४ तास होते. १९४६ च्या दुरुस्तीनं ते ४८ झाले. त्याआधी १९४५ ला भरपगारी रजा कायद्यात आली. १९४३ ला त्यांनी मान्यताप्राप्त युनियनचं विधेयक मांडलं, की मालकानं युनियनला ओळखलंच पाहिजे. सरकार, मालक आणि कामगार एका टेबलावर बसतील अशी परिषद त्यांच्या काळात उभी राहिली. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज निघाली. कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा १९४३ ला प्रा. अदारकरांकडं दिला, त्यातून १९४८ चा ईएसआय कायदा झाला. मोहननगरच्या ईएसआय दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत उभा राहणारा कामगार त्या कागदाचा वारस आहे. किमान वेतनाचं विधेयक १९४६ च्या एप्रिलमध्ये त्यांनीच मांडलं, ते १९४८ ला कायदा झालं.

सगळंच गोड नव्हतं. लढाईच्या काळात कोळसा कमी पडला म्हणून १९४३ साली बायकांना खाणीत जमिनीखाली उतरवायची बंदी सरकारनं उठवली. खातं त्यांचंच होतं. टीका झाली, ती त्यांनी सभागृहात ऐकून घेतली. १९४६ ला बंदी परत लागू झाली. हे आपण लपवू नये.

*

एवढं करून त्यांना कळलं होतं की एकेका कायद्यानं भागणार नाही. मालक म्हणेल, काम नको तर जा, आणि पोटाला भूक असलेला माणूस हक्क टाकून काम घेईल. मग घटनेतल्या हक्काचं काय करायचं? या प्रश्नाचं त्यांचं उत्तर १९४७ सालचं, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या वतीनं घटना समितीला दिलेलं निवेदन. पुढं ते स्टेट्स अँड मायनॉरिटीज म्हणून छापलं गेलं. मोठे, पायाभूत उद्योग सरकारच्या मालकीचे. विमा सरकारचा. आणि शेती? तीही सरकारी उद्योग. सरकारनं जमिनी मोबदला देऊन घ्याव्यात, ठरावीक आकाराची शेतं पाडावीत आणि गावातल्या कुटुंबांच्या गटांना जातपात न बघता कसायला द्यावीत. बैल, अवजारं, पाणी, बी सरकारनं पुरवायचं. जमीनदार नको, कूळ नको, भूमिहीनही नको. आणि हे सगळं घटनेतच लिहून टाका, म्हणजे उद्या बहुमतवाल्याला पुसता येणार नाही.

बघा, १९१८ चा धागा इथं कसा आला. नुसता तुकडा वाटून गरीब तरत नाही, त्याला भांडवल लागतं आणि ते भांडवल सावकाराचं असून चालत नाही. हे माहीत असलेला माणूस महाराला फक्त एकर देऊन गप्प बसणार नव्हता. आजीच्या माहेरच्या चाळीस जणांचं पुढं काय होणार, हे त्यानं आधीच बघून ठेवलं होतं.

घटनेत हे आलं नाही. मसुदा समितीचे ते अध्यक्ष, पण सभागृह त्यांचं नव्हतं. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी बजावलं की राजकारणात एक माणूस एक मत झालं, पण समाजात आणि पैशात विषमता तशीच राहिली, तर ती भोगणारे लोक ही लोकशाहीची इमारतच उडवतील. १९५१ ला मंत्रिपद सोडताना त्यांनी एक खंतही सांगितली. नियोजनाचं खातं द्यायचा शब्द मिळाला होता, ते दिलं नाही. देशातल्या एवढ्या मोठ्या अर्थशास्त्र्याला कायद्याच्या खुर्चीत बसवलं आणि तिजोरीपासून लांब ठेवलं. आणि आपणही, त्यांची लेकरं, त्यांना त्याच खुर्चीत बसवून हार घालतोय!

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. सरकारी कारखाना. तिथं लागलेल्या माणसाला कायम नोकरी, राहायला वसाहत, राखीव जागा. पुढं तो कारखानाही आजारी पडला, कारण सरकारी मालकी म्हणजे आपोआप लोकांची मालकी नव्हे. पण ठेकेदाराच्या शेडमध्ये तर राखीव जागाच नाही. आपण राखीव जागांसाठी रक्त आटवतोय, आणि नोकऱ्याच राखीव जागांच्या बाहेर पळून गेल्यात. २०१९ आणि २०२० साली संसदेनं जुने कामगार कायदे गुंडाळून चार संहिता मंजूर केल्या. त्या आपल्यातल्या किती कार्यकर्त्यांनी वाचल्या? १९३८ ला बाबासाहेबांनी एका विधेयकावर रस्ता पेटवला होता.

*

देहूरोडला जाऊन या. इथून फार लांब नाही. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी स्वतः तिथं बुद्धमूर्तीची स्थापना केली. त्यानंतर दोन वर्षांनी, २० नोव्हेंबर १९५६ ला, काठमांडूत त्यांनी बुद्ध आणि मार्क्स यांच्यावर भाषण दिलं. शोषण संपवायचं हे दोघांचंही उद्दिष्ट, पण मार्ग वेगळे. बुद्धाच्या मार्गाला बळजबरी लागत नाही, मन बदलावं लागतं, म्हणून ते टिकतं. महापरिनिर्वाणाला सोळा दिवस उरले असताना हा माणूस शोषणावर बोलत होता. मरेपर्यंत त्यांचा प्रश्न तोच राहिला, गरिबाच्या ताटातलं जातं कुठं?

म्हणून आमच्या विहारात आम्ही ठरवलंय. दर रविवारी संध्याकाळी वंदना झाली की एक तास तीन कागद. ज्याच्याकडं वतनाचा सातबारा असेल त्यानं तो आणायचा, इतर हक्काचा रकाना मोठ्यानं वाचायचा, सही करायच्या आधी दहा जणांना दाखवायचा. जो कामाला जातो त्यानं पगाराची स्लिप आणायची, तास आणि दर जोडून बघायचा. आणि बाबासाहेबांच्या खंडातलं एक पान. इंग्रजी येत नसेल तर मी डिक्शनरी घेऊन बसतो, आपण मिळून लावू.

पहिल्या रविवारी चौघं आले. दुसऱ्या रविवारी अकरा. त्यात एक म्हातारी होती. पिशवीतून तिनं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला आणि म्हणाली, "बाळा, ही विकलीया का ऱ्हायलीया, तेवढं बघून सांग."

राहिलीय. अजून तिच्याच नावावर आहे.

आणि त्या पायरीवरच्या पोराला मी परत गाठलं. सांगितलं, बाबासाहेब रुपयाचे डॉक्टर होते. तो म्हणाला, मग आपला रुपया आजारी का? मी म्हणालो, रविवारी ये.

जयभीम.